रुपयामागे एक आणा

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास सांगताना बहुधा मालकांच्या भांडवलापासून आरंभ होतो. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या पहिल्या गिरणीची कंपनी कशी उभारली, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापाऱ्यांच्या हाती पैसा कसा खेळू लागला, १८६५ साली शेअरांचा फुगा फुटून कोण धुळीस मिळाले, हे सारे सविस्तर नोंदलेले आहे. परंतु ज्या लाखो माणसांच्या हातांनी त्या गिरण्या चालल्या, त्यांच्या खिशातील पैशाचाही एक इतिहास आहे. तो हिशेबनीसाच्या वहीत नीटसा उतरला नाही. वाण्याच्या खात्यात, मुकादमाच्या तोंडी, पोस्टाच्या मनीऑर्डरीवर आणि बायकांच्या गळ्यातील डोरल्यात तो विखुरलेला आहे. त्या इतिहासातील काही पाने आज चाळावयाची आहेत.

ज्या वस्तीला पुढे गिरणगाव हे नाव पडले, ती भायखळ्यापासून परळ, लालबाग, चिंचपोकळी, डिलाईल रोड, नायगाव, वरळी, प्रभादेवीपर्यंत पसरलेली होती. महाराष्ट्राबाहेरच्या श्रोत्यांना ही एखादी निव्वळ मराठी वसाहत वाटण्याचा संभव आहे. तसे नव्हते. येथे रत्नागिरीचा कुळवाडी होता, साताऱ्याकडचा घाटी होता, जौनपूर-आझमगडकडून आलेला मोमीन विणकर मदनपुऱ्यात होता, तेलंगणातील पद्मशाली होता. देशावरून आलेला महार कामगारही होता. पण मागाचा धागा ओठांनी ओढावा लागतो म्हणून स्पर्शास्पर्शाच्या सबबीवर त्याला विणखात्यात शिरू देत नसत. विणखात्याची मिळकत अधिक, म्हणजे हा विटाळ थेट पैशातच मोजला जाई. परळच्या पोयबावडीजवळ, सुधार ट्रस्टच्या चाळीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड दीर्घकाळ होते. १९२३ साली लंडनहून ज्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध प्रसिद्ध झाला ते अर्थशास्त्रज्ञ याच वस्तीचे रहिवासी होते, हे सहसा लक्षात राहत नाही.

या वस्तीचा स्वभाव मानी. संप करावयाचा तर महिनोन्‌महिने करावा, मुकादम असो की मालक असो, कोणाची मिजास फार काळ सोसू नये, अशी तिची ख्याती. मग अशी माणसे सावकारापुढे इतकी मऊ का होत, असा प्रश्न पडतो. त्याचे एक ठराविक उत्तर त्या काळच्या सुशिक्षितांपाशी तयार असे : मजूर उधळ्या आहे, लग्नात खर्च करतो, ताडी पितो, त्याला काटकसर ठाऊक नाही. या उत्तरात सत्यांश नाही असे नाही. परंतु मला ते अपुरे वाटते. कारण कर्जाचे पहिले मूळ मजुराच्या स्वभावात नव्हते, ते कॅलेंडरात होते.

गिरणीत पगार महिन्याचा असे. पण महिना संपला की पगार हाती पडे, असे मात्र नव्हते. जूनच्या कामाचा पैसा जुलैच्या दहा-पंधरा तारखेला, कधी त्याहूनही उशिरा मिळे. म्हणजे एक जूनला कामाला लागलेल्या नव्या माणसाला पहिला पैसा पाहण्यास सहा आठवडे लागत. तेवढे दिवस त्याने खावे काय? भाडे कशाने द्यावे? गावाहून निघताना कनवटीला बांधलेले चार रुपये प्रवासातच सरलेले असत. तेव्हा पहिला पगार होण्याच्या आधीच तो वाण्याचा, खानावळवालीचा आणि ज्या मुकादमाने त्याला कामावर घेतले त्या मुकादमाचा ऋणी झालेला असे. उलट बाजूने पाहिले तर त्या सहा आठवड्यांत त्याने आपले श्रम गिरणीला उसने दिलेले असत, आणि तेही बिनव्याजी. मजूर मालकाचा सावकार होता म्हटले तर कोणी हसेल. पण हिशेब तसाच होतो. शिवाय ही अडकलेली मजुरी मालकाच्या हाती वेसणीसारखी असे. सूचना न देता कोणी काम सोडले तर ती बुडे. विणखात्यात आणखी एक रीत होती. कापड बिघडले की ते विणकराच्या गळ्यात घालीत, आणि त्याची किंमत पगारातून कापून घेत. तो ते बाजारात मिळेल त्या भावाला विकी.

या दुखण्याचे निदान ज्याने फार लवकर केले तो माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे हे अनुयायी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवण्यासाठी एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी ही त्यातील मागणी सर्वांच्या स्मरणात आहे. कारण १८९० साली ती मालकांनी मान्य केली आणि लोखंड्यांचे नाव त्या सुट्टीशी कायमचे जोडले गेले. परंतु त्याच अर्जात आणखी एक कलम होते, आणि माझ्या मते ते अधिक मर्मभेदी होते : ज्या महिन्याची मजुरी असेल ती पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावी. पगार वाढवा अशी ही मागणी नव्हती. मिळवलेला पैसा पंधरवड्याच्या आत द्या, एवढेच म्हणणे होते. जे मागितले तेच इतके थोडे होते की त्यावरून प्रत्यक्षात काय चालत असावे याची कल्पना यावी.

आता हा मधला खड्डा कोण भरीत होते ते पाहू. सर्वांत आधी वाणी. चाळीच्या तळमजल्यावर दुकान, दुकानात लाल कापडाची वही, आणि वहीत प्रत्येक बिऱ्हाडाचे पान. तांदूळ, डाळ, मिरची, रॉकेल उधारीवर मिळे. भाव रोखीपेक्षा चढा आणि तोल मात्र थोडा उतरता. तरी संपाच्या दिवसांत वाण्याने उधारी चालू ठेवली तरच संप टिके. त्याचीही एक अडचण असे : दुकान बंद करावे तर गिऱ्हाईक गावी जाते आणि मागची बाकी बुडते, चालू ठेवावे तर आणखी पैसा अडकतो. १९२८ साली गिरण्यांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. त्या सहा महिन्यांचा इतिहास सभा, पुढारी आणि लाल बावट्याच्या अंगाने पुष्कळ सांगितला गेला आहे. वाण्याच्या वहीच्या अंगाने तो कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

दुसरा मुकादम, ज्याला गिरणीत जॉबर म्हणत. नोकरी त्याच्या हाती, म्हणून पतही त्याच्याच हाती. तो स्वतः व्याजाने पैसे देई, नाहीतर दुसऱ्याकडून घेताना जामीन राही, आणि दोन्हीकडून दस्तुरी घेई. तिसरे मारवाडी पेढीवाले. तेथे भांडीकुंडी किंवा सोन्याचा मणी गहाण टाकावा लागे. आणि ज्याच्यापाशी गहाण टाकण्यासारखे काहीच उरले नाही, ज्याला मुकादमाचाही आधार नाही, अशाने अखेर जावयाचे ते पठाणाकडे.

दर ठरलेला होता : रुपयामागे दरमहा एक आणा. ज्यांचा जन्म १९५७ नंतरच्या दशमान नाण्यांच्या काळात झाला, त्यांना सांगावयास हवे की रुपयाचे आणे सोळा. म्हणजे वर्षाला बारा आणे, अर्थात शेकडा पंचाहत्तर. गरज निकडीची असली तर दोन आणे, म्हणजे शेकडा दीडशे. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ साली सुमारे अडीच हजार श्रमजीवी कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत शेकडा ४७ कुटुंबे कर्जबाजारी आढळली, आणि कर्जाची रक्कम साधारणतः अडीच महिन्यांच्या मिळकतीइतकी. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपयांच्या आसपास होती. तेव्हा कर्ज धरू १३० रुपये. त्यावर महिन्याचे व्याज १३० आणे, म्हणजे आठ रुपये दोन आणे. मिळकतीचा जवळजवळ सहावा हिस्सा नुसत्या व्याजात, आणि मुद्दल जेथल्या तेथे. चाळीतील खोलीचे भाडेसुद्धा बहुधा याहून कमी असे. असे कुटुंब काटकसर करीत नव्हते असे म्हणणे धाडसाचे आहे. ते फार कडक काटकसर करीत होते, पण तिचे फळ दुसऱ्याच्या थैलीत पडत होते.

मराठीत ‘पठाणी व्याज’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो अशा अनुभवातून. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाबाहेर काठी घेऊन उभा असलेला उंचनिंच पठाण हे चित्र त्या पिढीच्या मनावर ठसलेले होते. तथापि येथे थोडा न्याय करावयास हवा. गिरणगावच्या एकंदर देण्याघेण्यात पठाणाचा वाटा लहान होता. त्याच्याहून कितीतरी अधिक पैसा वाणी, मुकादम, पेढीवाले, घरमालक आणि खुद्द गिरणीतलेच दोन पैसे बाळगून असलेले कामगार व्याजाने लावीत. पण वाणी खाली मान घालून वहीत आकडा लिही आणि पठाण रस्त्यात उभा राही. म्हणून दोष त्याच्या माथी अधिक आला. फेब्रुवारी १९२९ मध्ये, पठाण लहान मुले पळवितात अशी अफवा उठून मुंबईत भयंकर दंगल झाली. त्याआधी संप फोडण्यासाठी पठाणांना कामावर घेतल्याचा रागही खदखदत होताच. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्यांत वह्यांतील आकड्यांनी गांजलेले किती होते हे मोजता येणार नाही. पण ज्याचे देणे लागतो त्याच्याविषयी वाटेल ते खरे वाटू लागते, हा मनुष्यस्वभाव आहे.

त्याच साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील मजुरांसंबंधी रॉयल कमिशन नेमले गेले. नारायण मल्हार जोशी त्याचे एक सभासद होते. १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापून त्यांनी परळच्या मजूरवस्तीत शाळा, वाचनालये आणि सहकारी पतपेढ्या चालविल्या होत्या, त्यामुळे हा विषय त्यांना कागदावरून शिकावा लागला नव्हता. १९३१ च्या अहवालात कमिशनने नमूद केले की बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोनतृतीयांशांहून कमी नाहीत इतके मजूर वा कुटुंबे कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या मजुरीहून अधिक आहे. कारखान्याच्या दरवाजापाशी वसुलीसाठी टपून बसणे हा गुन्हा ठरवावा, आणि मजुरी आठवड्याला द्यावी, अशा त्याच्या शिफारशी होत्या. अहमदाबादेत ‘हप्त्या’ने, म्हणजे पंधरवड्याला, पगार देण्याची चाल होतीच. मुंबईत मात्र आठवड्याचा पगार रुजला नाही. मालकांची नाखुशी समजण्यासारखी आहे. पण पुष्कळ कामगारांनाही तो नको होता. भाडे महिन्याचे, वाण्याची बाकी महिन्याची, गावची मनीऑर्डर महिन्याची. मग पैसा तुकड्यातुकड्यांनी घेऊन त्याचे करावयाचे काय, असा त्यांचा सवाल. ज्या वेळापत्रकाने त्यांना कर्जात ढकलले होते, त्याच वेळापत्रकाभोवती त्यांचा सगळा संसार रचला गेला होता.

अखेर १९३६ साली मजुरी देण्यासंबंधीचा कायदा झाला. हजाराहून कमी कामगार असतील तेथे सात तारखेच्या आत, इतरत्र दहा तारखेच्या आत पगार झाला पाहिजे; दंड आणि कपाती यांनाही मर्यादा पडल्या. मुंबईच्या मोठ्या गिरण्यांना दहा तारीख लागू झाली. लोखंड्यांनी १८८४ साली पंधरा तारीख मागितली होती. पंधरावरून दहावर यावयास बावन्न वर्षे लागली.

कायद्याची वाट पाहत गिरणगाव मात्र स्वस्थ बसले नव्हते, आणि मला या इतिहासाचा हाच भाग अधिक मोलाचा वाटतो. कोकणातील एकेका गावच्या माणसांनी मिळून चाळीत खोली घेण्याची प्रथा पडली. तिला गावकीची खोली म्हणत. दहा बारा हातांच्या त्या खोलीत वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीच्याची वळकटी गुंडाळली जाई. भाडे डोईप्रमाणे. या खोलीत एक पत्र्याची पेटी असे आणि तीत गावमंडळाचा निधी. कोणी आजारी पडला, कोणाचे गावी काही बरेवाईट झाले, की बोटीच्या भाड्यापुरते पैसे त्यातून मिळत, नाममात्र व्याजाने किंवा बिनव्याजी. लिखापढीची गरज नसे. पैसे बुडवून त्या गावात तोंड दाखविणे शक्य नव्हते, हीच जामीनकी. याच मंडळांच्या पैशाने कोकणात कित्येक शाळांवर कौले चढली आणि देवळांचे सभामंडप उभे राहिले. जातीच्या भिंती या खोल्यांनाही होत्या, हे विसरता कामा नये. वीस माणसे ज्या विश्वासाने एकत्र राहत, तोच विश्वास पलीकडच्या खोलीतल्या माणसाला मिळत नसे.

जातिभाषेच्या भिंती काही अंशी ओलांडल्या त्या भिशीने. तिची रचना अगदी साधी. एका खात्यातील वीस जणांनी दर पगाराला पाच-पाच रुपये काढावयाचे; जमलेले शंभर रुपये चिठ्ठी टाकून एकाला द्यावयाचे; ज्याची चिठ्ठी एकदा निघाली त्याची पुन्हा टाकावयाची नाही. वीस महिन्यांत प्रत्येकाला एकदा एकरकमी शंभर रुपये मिळतात. ज्याला आरंभी मिळाले त्याला ते बिनव्याजी कर्ज, ज्याला शेवटी मिळाले त्याची ती सक्तीची शिल्लक. काही ठिकाणी चिठ्ठीऐवजी लिलाव होई, आणि ज्याला गरज अधिक तो कमी रकमेवर भिशी उचली. तेथे मग सावकारीचा वास येऊ लागे. पण साचा कोणताही असो, भिशीत कोकण्याशेजारी भैया बसे आणि तेलुगू माणसाची चिठ्ठी निघाली तर मराठी माणूस ती वाचून दाखवी. कारण येथे जामीनकी गावाची नव्हती, एका खात्यात रोज शेजारी उभे राहण्याची होती.

पोस्टाने या वस्तीची चाकरी इमाने केली. १८८० साली मनीऑर्डर आणि १८८२ साली बचतखाते ही दोन्ही पोस्टात सुरू झाली. बचतखात्याकडे वळलेले थोडे. मनीऑर्डरीवर मात्र रत्नागिरी जिल्हा जगला, आणि मदनपुऱ्यातून आझमगडही. बँकांचे म्हणावे तर त्या फोर्टात होत्या. कामगार यंत्रापाशी उभा असेल नेमक्या त्याच वेळी त्या उघडत आणि तो सुटण्यापूर्वी बंद होत.

गिरण्यांतून पुढे सहकारी पतपेढ्या निघाल्या. कामगार त्यांना नुसते ‘सोसायटी’ म्हणत. पगारातूनच हप्ता कापला जाई, व्याज सौम्य, आणि निवडून आलेले संचालक खात्यातलेच. दोन जामीन मात्र लागत, आणि नोकरी कायम असावी लागे. म्हणून बदली कामगार, ज्याला सकाळी दरवाजात उभे राहून आज काम आहे की नाही हे कळे, तो सोसायटीबाहेरच राहिला. निकड सर्वांत जास्त त्याची.

आणि आता पुन्हा तो आणा. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. आरंभी ज्या सहा उद्योगांना तो लागू झाला त्यांत कापडधंदा होता. कामगाराच्या मूळ पगार व महागाईभत्त्यातून शेकडा सव्वासहा कापावयाचे आणि तितकेच मालकाने घालावयाचे. शेकडा सव्वासहा म्हणजे किती? रुपयामागे बरोबर एक आणा. कायदा करणाऱ्यांच्या मनात पठाणाचा दर असेल असे मी म्हणत नाही. आण्याच्या हिशेबात तो सोयीचा आकडा होता इतकेच. परंतु ज्या वस्तीने तो एक आणा पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जाताना पाहिला होता, तिच्या पगारपत्रकावर तो प्रथमच तिच्या स्वतःच्या नावे जमा दिसू लागला, आणि त्याच्या शेजारी मालकाचा दुसरा आणा.

या साऱ्या व्यवस्थेत एक सावकारीण अशी होती की जिला कोणीच सावकार म्हटले नाही. ती म्हणजे खानावळवाली. नवरा गिरणीत किंवा संपात काम गेलेला, कधी स्वतःचेच काम गेलेले; अशी बाई दहा-पंधरा एकट्या पुरुषांना दोन वेळ जेवू घाली. १९२०-३० नंतर गिरण्यांतून बायकांची संख्या सारखी घटत गेली, तेव्हा पुष्कळींना चुलीचाच आधार उरला. जेवणारा पैसे देई पगार झाल्यावर. म्हणजे महिनाभराचे धान्य, तेल, कोळसा तिने आपल्या खर्चाने घालावयाचे, तेही वाण्याकडून उधार किंवा सावकाराकडून व्याजाने आणून. कामगाराला मिळणाऱ्या उशिरा पगाराचे व्याज अखेर तिच्या चुलीत जळे. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, गरिबांना कर्ज द्यावे असे धोरण आले, आणि त्या फटीतून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुरव मूळच्या गोव्याच्या, मुक्तिसंग्रामात पडलेल्या, पुढे मुंबईतील कामगार चळवळीत वाढलेल्या. खानावळवाल्यांचे गट करून, एकमेकींच्या जामिनावर, त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले. ज्या बाईची सही म्हणजे अंगठा आणि तारण म्हणजे पातेली, तिच्या नावे बँकेत खाते निघाले. शेजारणींची जामीनकी पुरेशी आहे हे बँकेला पटावयास १९७५ उजाडले. गावकीच्या खोलीला ते कित्येक वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

त्यानंतर सातच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाच्या बऱ्यावाईटाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पैशापुरते बोलावयाचे तर एवढेच दिसते की ज्या तारखेवर वाणी, भिशी, सोसायटी, मनीऑर्डर आणि खानावळ ही सारी उभी होती, ती तारीखच कॅलेंडरातून नाहीशी झाली. भिश्या मध्येच मोडल्या. ज्यांची चिठ्ठी निघावयाची होती त्यांचे तोंडी हिशेब राहिले. मनीऑर्डरीचा प्रवाह उलटा फिरला, आणि मुंबईकडून गावी जाणाऱ्या पैशाच्या जागी गावाकडून तांदळाची पोती मुंबईस येऊ लागली. तांब्यापितळेची भांडी मोडीत गेली, डोरली पेढीवर गेली. संप औपचारिक रीतीने कधीच मागे घेतला गेला नाही. कित्येक गिरण्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत, आणि हजारो माणसे गावी गेली ती परतलीच नाहीत. खानावळवाल्यांनी आरंभीचे काही महिने उधारीवर जेवू घातले. मग जेवणारेच उरले नाहीत, आणि वहीत त्यांची नावे व बाकी तेवढी राहिली.